शिडी न मागणारा माणूस

लालबागच्या चाळीत आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर पत्रे, पत्र्यांखाली जुने लाकडी वासे. दोन वर्षांपूर्वी छप्पर बदलायचं ठरलं तेव्हा मी दोन कंत्राटदारांना बोलावलं. त्यातला चुकीचा निवडला, आणि का निवडला हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

पहिला भोईवाड्यातला. दारातच म्हणाला, "शिडी आहे का?" चहा नको म्हणाला. अर्धा तास पत्र्यांवर ठाकठूक करून खाली आला आणि आतून एकेका वाशात स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाहिला. आईच्या खाटेवरच्या वाशात तो लोण्यात जावा तसा गेला. "हे वासे बदलल्याशिवाय मी पत्रे टाकत नाही," तो म्हणाला. "नुसते पत्रे हवे असतील तर दुसरा बघा." माणूस तुसडा. आईला मुळीच आवडला नाही.

दुसरा आईच्या माहेरचा, तिच्याच वाडीतला. खाटेवर मांडी घालून बसला, दोन कप चहा प्यायला. देवळाचं काम कुठवर आलं, शिमग्याची पालखी कोणी नाचवली, कोणाचे आंबे गळले, सगळं झालं. दीड तासात त्याने एकदाही मान वर केली नाही. जाताना म्हणाला, "आत्ये, तू काळजी करू नको. घरचाच काम हा." गुडघ्यांपायी आईला पाच वर्षं गावी जाता आलं नव्हतं. तिचा चेहरा नुसता फुलला. "आपलो माणूस हा, फसवचो नाय," ती म्हणाली.

आणि ऑफिसात साधा पंखा घ्यायचा तरी तीन ठिकाणी चौकशी करणारी मी, मुकाट मान हलवून मोकळी झाले. आम्हा कोकणातल्यांचा हा जुना रोग आहे. डॉक्टर असो, वकील असो, नळवाला असो, आधी गाव विचारायचं. काम येतं का, ते नंतर.

मे महिन्यात त्याने निळे चकचकीत पत्रे टाकले. वासे जुनेच. मी विचारलं तर हसला. "सागवान हा ता, ताई. तुमच्या नातवांका पुरतला."

जुलैत आईचा दमा वाढला. डॉक्टरांना ती सांगायची, हवा बदलली की होतं. एके सकाळी चादर बदलताना तिच्या उशीखाली प्लास्टिकचा टेबलक्लॉथ सापडला, घडी केलेला आणि ओला. खाटेवरचा वासा खचला होता, पत्र्यांचा सांधा उघडा पडला होता. मी आत स्वयंपाकघरात झोपते. पंधरा दिवस ही बाई तो टेबलक्लॉथ अंगावर ओढून निजत होती आणि मी उठायच्या आत पुसून ठेवत होती.

मी ओरडले तिच्यावर. दमेकरी माणसावर ओरडू नये, तरी ओरडले. ती म्हणाली, "तू त्याका बोलशीत. मगे म्हायारात माका तोंड ऱ्हवचा नाय."

खाट हलवायला दुसरी जागा नाही आणि जमिनीवर निजलं तर तिला उठता येत नाही. म्हणजे ती तिथेच. त्याला मी रोज फोन करत होते. पाऊस उघडू दे, गणपती होऊ देत, हीच उत्तरं. त्याचा राग होताच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा. तो स्क्रू ड्रायव्हर आत जाताना मी या डोळ्यांनी पाहिला होता.

ऑगस्टमध्ये तो गावच्या मंडळाच्या सभेचं बोलावणं घेऊन आला. बाहेर पाऊस धो धो. मी घरातल्या दोन्ही खुर्च्या उचलून गॅलरीत ठेवल्या. बसायला खाटेखेरीज काही उरलं नाही. आई उशाशी सरकली आणि तो नेमका उघड्या सांध्याखाली बसला. मी चहा दिला. पहिला थेंब त्याच्या मानेवर पडला. तो जरा सरकला. दुसरा पडला तसा उठायला लागला.

मी महिनाभर घोकलेलं सगळं त्याला ऐकवणार होते. पण आईच बोलली, अगदी हळू.

"सरतंस कित्याक? बस. मी रोज थयच निजतंय."

त्याने कप खाली ठेवला आणि आमच्या घरात पहिल्यांदा मान वर करून छपराकडे पाहिलं.