मक्याच्या बांधावरची पाटी

त्या दुपारी मी कॉलेजातून घरी आले तेव्हा माय गाभण गाईला कोवळा मका टाकत होती. आमच्याच शेतातला, विरळणीत उपटलेला. आदल्या संध्याकाळी त्याच मक्यात मी विष टाकलं होतं.

लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे रोपाच्या वरच्या गुंडाळलेल्या पानांत, बसून खाते. फवारा आत पोचत नाही. म्हणून कॉलेजात शिकवल्याप्रमाणे कोंडा आणि गूळ भिजवला, त्यात औषध मिसळलं आणि हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून चिमूट चिमूट पोंग्यांत सोडलं. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "अळ्यासले गूळ, आन आमना चहा फिका! कॉलेजमा हाईच शिकाडतस का वं?" मी हसले. तेव्हा मला फार शहाणं वाटत होतं. शेवटी पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, 'विष टाकले आहे. चारा नेऊ नये', आणि तो काठीला बांधून बांधावर रोवला.

माय दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून दमून आली नि झोपली. सकाळी मी घाईत एसटी पकडली. सांगायचं राहिलं, असं मी म्हणू शकत नाही. पाटी लावली म्हणजे सांगितलं, असंच मला वाटलं होतं. मायला वाचता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी चारा ओढून घेतला. "पाटी नही देखी?"

"देखी ना. बियाणावालास्नी व्हई, आसं वाटनं मले."

खरंच, आमच्या रस्त्याला शेताशेतात बियाण्याच्या कंपन्यांच्या पाट्या असतात.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "लाळ गळते का बघत राहा. थरथरली तर लगेच कळवा. मी निघतो." मी गाईच्या तोंडासमोर बसले. गाईच्या तोंडाला एरवी किती लाळ असते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येक थेंबाला मी फोन हातात घेत होते.

विष पोंग्यांत टाकलंय, हे मी सांगितलं तेव्हा कुठे माय म्हणाली, "पोंगा त मी खुडीसन फेकी दिधात. अळीवाला चारा गाभन गायले कशी देसू?"

मला हायसं वाटलं. पण क्षणभरच. माझी नजर तिच्या बोटांवर गेली. नखांत काळपट चिकट कोंडा वाळला होता.

"हात धुतले का?"

"फडकाले पुसात."

"आणि भाकर?"

"खादी ना."

डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना गाईआधी मायचे हात दाखवले. ते गाईकडे वळलेच नाहीत. "आधी यांना दवाखान्यात न्या," म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तिला तिथे बसवून ठेवलं. तिला काही झालं नाही. घरी गायही रवंथ करत होती, असा काकांचा फोन आला. तरी परतताना रिक्षात मी तिचा हात सोडला नाही. साबणाने तीनदा धुऊनही त्याला गुळाचा वास येतोय असं मला वाटत होतं.

"लिखं कसाले?" माय हळूच म्हणाली. "तोंड नव्हतं का तुले?"