डॉक्टर, मला टकला ठरवा!

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडाल. मला टक्कल आहे असं म्हणा हो, म्हणून डॉक्टरच्या पाया पडलेला माणूस बघितलाय कधी? हा काय, समोर बसलाय!

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी शिरूरला राहायचो आणि कारेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. दिवसभर माल तपासायचा आणि रिजेक्ट करायचा. नजर इतकी वाईट झालेली, की घरची भाकरीसुद्धा उलटून बघायचो! एकदा केस कापताना न्हाव्यानं मागून आरसा धरला, तर टाळूवर पांढरा ठिपका! आमच्या आबांचं डोकं आधीच तुळतुळीत. झालं, मी स्वतःलाच रिजेक्ट केलं. त्या दिवसापासून आबांची पांढरी टोपी माझ्या डोक्यावर.

तशात दौंडचं स्थळ आलं. मुलगी सुनीता. पोहे घेऊन आली, माझ्या टोपीकडं बघितलं आणि गालात हसली. मी तिथंच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच!

पोहे झाले, मानाची टॉवेल-टोपी निघाली. नवी टोपी घालायची म्हणून मुलीच्या वडिलांनी माझी जुनी काढली. मागं तिची आत्या उभी.

"अगं बाई! दोन भोवरे! ह्यो दोन लग्नं करणार!"

मुलीच्या वडिलांनी नवी टोपी परत ताटात ठेवली. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, हे आपल्याकडं किती मानतात तुम्हाला माहितीये. स्थळ हातातनं चाललं की हो!

"आत्या, भोवरा एकच हाय!" मी ओरडलो. "दुसरं टक्कल हाय! मी टकला होणार हाय!"

"आरं, गप की!" आबांनी कोपरानं ढोसलं.

"न्हाई आबा! चला डॉक्टरकडं, शाबीत करतो!"

कातडीच्या डॉक्टरांचा दवाखाना त्याच गल्लीत होता. पुढं मी, मागं आत्या, आबा, मुलीचे वडील आणि शेवटी सुनीता. भिंतीवर डोक्यांचा तक्ता. पुरुषांचे केस कपाळापासून आणि टाळूवरनं कसे जातात, बायकांचा भांग कसा रुंदावतो, सगळं पायरी-पायरीनं काढलेलं. मी पुरुषांच्या रांगेतल्या चौथ्या डोक्यावर बोट ठेवलं. "डॉक्टर, मी हा!"

डॉक्टरांनी बॅटरी मारली, केस फाकवले, थोडे ओढून बघितले. "चौथी कसली? पहिलीसुद्धा नाही. केस चांगले दाट आहेत. हे दोन भोवरे आहेत."

"पाया पडतो, नीट बघा! निदान दुसरी तरी द्या!"

"अहो, भाजी घेताय का?" डॉक्टर वैतागले. तेवढ्यात त्यांची बॅटरी आत्यांच्या भांगावर गेली. "केस तर ह्यांचे विरळ झालेत. तुम्ही बसा हो, आत्या."

आत्यांनी झटकन पदर डोक्यावर ओढला. मी मात्र रडायचाच बाकी होतो. तेव्हा मागनं सुनीता बोलली.

"आत्या, दोन लग्नं करणार ना ह्ये? मग दोन्ही माझ्याशीच लावा की!"

आणि लावली! सकाळी देवळात एक, दुपारी मांडवात एक. दोन्ही वेळा आत्यांनीच सगळ्यात जोरात अक्षता मारल्या.

आता ही बघा, टोपी काढतो. त्या तक्त्यावरचं अगदी शेवटचं डोकं! परवा आत्या आल्या आणि माझ्याभोवती फिरून फिरून बघायला लागल्या.

"सुनीता, आता तर एकबी भोवरा न्हाई गं! ह्यांचं लग्न झालं तरी कसं?"

"रोज त्योच इचार करतीया मी, आत्या!"