भिंत असलेली माझी पेशी

हसायचं ते आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. फजिती माझीच, आणि तीही भर वर्गात, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी!

नववीत मी प्राण्याच्या पेशीभोवती जाड भिंत काढली होती. वर सरांनाच विचारलं, "भिंतीवाचून घर उभं राहतं का?" भिंत वनस्पतीच्या पेशीला असते, प्राण्याच्या नाही, असं सांगून त्यांनी त्या पानावर सही केली नाही. अख्ख्या प्रयोगवहीत तेवढं एकच पान बिनसहीचं! इतकी वर्षं मला ते सलत होतं.

यंदा बोरीच्या आमच्या शाळेत वर्गाचा मेळावा झाला. सर काठी टेकत आले, पण नजर तीच. मी वही पुढे केली.

"सर, चूक सुधारतो. आता तरी सही करा."

"आधी पेशी बघ, मग काढ."

मासवडी, भाकरी आणि कच्च्या मेथीचा घोळणा खाऊन आम्ही नुकतेच त्याच जुन्या बाकांवर टेकलो होतो. आता बाक तेवढे लहान झालेले! मी शाळेचा सूक्ष्मदर्शक आणला, काडीने गाल आतून खरवडला, निघालं ते काचेवर पसरलं आणि डोळा लावला.

चौकटी चौकटींच्या पेशी. प्रत्येकीला भिंत! आत हिरवे ठिपके!

"सर, भिंत आहे! नववीत मीच बरोबर होतो!"

माझा बाकसोबती बबन वाकून म्हणाला, "लई भारी, राव! पर ह्ये हिरवं काय हाय?"

"हरितलवकं!" मी थोडाच थांबतोय! कोट्यवधी वर्षांपूर्वी एका पेशीने हिरवा जिवाणू गिळला, तो पचलाच नाही, आतच राहिला आणि त्याचं हरितलवक झालं, हे मी रोजनिशीत टिपून ठेवलं होतं. "जन्मभर मेथी खातोय. माझ्या पेशींनीही तसंच गिळलं असणार!"

"मंग ह्याला उन्हात बसवा. वहिनींचा सैपाक वाचंल!"

सरांनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता पाठ थोपटणार.

"जेवल्यावर चूळ भरली होतीस का रे?"

पुढचा हशा तुम्हीच ऐका! नळावर जाऊन तीनदा चूळ भरली. पुन्हा गाल खरवडला, निळा रंग टाकला. फिकट, वेड्यावाकड्या पेशी, मध्ये गडद केंद्रक. भिंतीचा पत्ता नाही. गुमान तसंच चित्र काढलं.

सरांनी सही केली. माझे डोळे भरून आले. ते पुसतोय तोवर बबनने वही ओढली आणि सहीवरचा शेरा साऱ्या वर्गाला वाचून दाखवला.

"आकृती उत्तम. दात रोज घासावेत."