पीटरच्या नावाची पट्टी

इंदिरानगरच्या एका मागल्या गल्लीत खंडोजीरावांचं फ्रेमचं दुकान आहे. येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र त्यांनी चाळीस वर्षांत शेकड्यांनी बसवलं असेल. बसवलं, नीट पाहिलं मात्र एकदाही नाही. पण हे कबूल करील तो खंडोजीराव कसला! गिऱ्हाईक काही सांगायला लागलं की यांचं उत्तर ठरलेलं, "ठाऊक आहे."

शेजारच्या फिलोमिनाअक्का आल्या तेव्हाही तेच झालं. त्यांचे यजमान पीटरअण्णा म्हणजे खंडोजीरावांचे जिवाभावाचे मित्र. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा लॅन्सी आईला शहराबाहेर, लांब देवनहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यायला टपलेला, आणि अक्कांना आपलं घर, आपलं चर्च सोडून कुठंही जायचं नव्हतं. वर्षाच्या प्रार्थनेला त्यांना चर्चच्या हॉलला हे चित्र द्यायचं होतं. चित्रातल्या प्रत्येक शिष्याच्या खाली नावाची पितळी पट्टी आणि संत पीटरच्या पट्टीवर 'आमच्या पीटरच्या स्मरणार्थ' एवढं कोरायचं.

"कोण कुठं बसलंय ते लिहून आणते, खंडोजीअण्णा."

"मला लिहून देणार? चाळीस वर्षं हेच करतोय, अक्का! तुम्ही स्वस्थ राहा."

नावं सहज मिळाली, क्रमाशी गाडी अडली. फादरचं घर चार पावलांवर होतं, पण विचारायला जायचं म्हणजे 'ठाऊक नाही' म्हणणं आलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चष्मा लावून ते चित्र पाहिलं. येशूच्या एका बाजूला तिघं दाटीवाटीनं बसलेले. त्यात एकाच्या हातात सुरी, एकाच्या मुठीत पैशाची थैली. खंडोजीरावांनी निकाल लावून टाकला. सुरीवाला तो दगाबाज जूडस. आणि थैली? त्यांच्या समाजाच्या देवळात उत्सवाच्या पैशाची थैली सगळ्यांत विश्वासू माणसाच्या हाती देतात. यांच्या वडिलांकडं ती वीस वर्षं होती. तेव्हा थैलीवाला तो पीटर. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या कारखान्यातून पट्ट्या कोरून आल्या आणि बसल्याही.

प्रार्थनेनंतर फादरनी चित्रावरचं कापड काढलं. लोक जवळ येऊन नावं वाचू लागले. कुणीतरी फिसकन हसलं.

"थैली धरलेला जूडस आहे," फादर हळू आवाजात म्हणाले. "सुरी पीटरच्या हातात आहे." आणि पीटरअण्णांचं स्मरण त्या थैलीवाल्याच्या खाली लखलखत होतं. "हा क्रम कुणी दिला?"

सगळा हॉल खंडोजीरावांकडं बघत होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तोंड उघडलं ते नको ते बोलायला. "अक्कांनी सांगितलं तसंच केलं मी."

अक्कांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग फादरना म्हणाल्या, "हो. माझंच चुकलं."

त्याच दुपारी खंडोजीरावांनी फादरच्या सांगण्याप्रमाणे पट्ट्या बदलल्या. दहा मिनिटांचं काम. लाज वाटत होती, नाही असं नाही, पण आतल्या आत गिळता येईल इतपतच. अक्कांना तोंड दाखवायचं मात्र त्यांनी टाळलं.

पाचव्या दिवशी सकाळी लॅन्सी दुकानात आला. बाहेर गाडी उभी होती. टपावर ट्रंक, आत अक्का.

"आईला घेऊन चाललो, अंकल. एकटीला ठेवायची सोय राहिली नाही. घरात जेवायच्या टेबलाच्या वर भिंतीवर हेच चित्र आहे, जन्मभर त्याच्याखाली जेवली, आणि तिला पीटर ओळखता येईना! तुम्ही पाहिलंतच की."

खंडोजीरावांच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या एका वाक्यानं या बाईचं घर सुटत होतं. लॅन्सीचा हात धरून ते भडाभडा बोलू लागले, "अरे, त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं! लिहून देते म्हणत होत्या, मीच नको म्हटलं. मी चुकलो आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो. मी खोटं बोललो, लॅन्सी!"

लॅन्सीचे डोळे भरून आले. त्यानं दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. "आईची लाज राखायला तुम्ही स्वतःवर घेताय. कळतं मला, अंकल. अशी माणसं कुठं राहिली आता?"

"अरे, देवाशप्पथ!"

"सरी, अंकल, सरी. तुम्ही म्हणता तसं." लहान मुलाला समजवावं तसा तो म्हणाला आणि गाडीकडं वळला.

खंडोजीराव धावत खिडकीशी गेले. शरमेनं त्यांना मान वर करवेना. "अक्का, तुम्ही तरी सांगा त्याला!"

"सांगितलं घरी," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी तुमची बाजू सावरली, म्हटलं. तर म्हणतो, आईला आता आठवत नाही."

लॅन्सीनं दार लावून घेतलं, आणि गाडी सुरू करताना खिडकीतून हात काढून खंडोजीरावांना पुन्हा एकदा थँक्यू म्हणाला.