साहेब आले, मी उठलो

मी दोन वर्षं सांगलीत एकट्यानं काढली, ती केवळ एकदा चटकन उठून उभा राहिल्यामुळे. हसू नका. चहा निवतोय, तो घ्या आणि ऐका. असा गाढवपणा कुणालाही जमत नाही. त्याला अठ्ठावीस वर्षांची सरकारी नोकरी लागते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी साताऱ्यात कारकून होतो आणि मला आमवात जडला होता. गुडघेदुखी नव्हे हो! गुडघेदुखी सगळ्यांनाच असते आणि तिच्यावर प्रत्येकाकडं एकेक तेल असतं. माझं प्रकरण वेगळं. मिरजेच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडते."

मी म्हटलं, "समजलं. म्हणजे आमच्या खात्यासारखं."

डॉक्टर हसले नाहीत. हा बरा होत नाही, सांभाळावा लागतो, एवढंच म्हणाले. तेही आमच्या खात्यासारखंच.

सकाळी उठलो की दोन-दोन तास मी लाकडाचा. बोटं अशी सुजायची की शर्टाची बटणं लागायची नाहीत. ती कमल लावायची. कमल म्हणजे माझी बायको. स्वतःची शाळेत जायची घाई, त्यात माझी सहा बटणं. वरचं लावताना म्हणायची, "हनुवटी वर करा." लहानपणी आई म्हणायची, त्यानंतर मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

अशात बदलीचा हुकूम आला. सांगली, विश्रामबाग, दुसरा मजला. कमलची नोकरी साताऱ्यात. ती कशी येणार? मग तिथं माझी बटणं कोण लावणार? शिपायाला सांगू?

आस्थापना शाखेतल्या मित्रानं वाट दाखवली. "अपंगत्वाचा दाखला आण. चाळीस टक्के भरले की बदली रद्द. एकोणचाळीस चालत नाहीत, सांगून ठेवतो."

तेव्हा आपण चाळीस टक्के मोडलेला माणूस आहोत हे सिद्ध करायला मी कमलला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. सकाळी नऊला बाकावर बसलो. दाखला देणारं डॉक्टरांचं मंडळ बसायचं दुपारी तीनला. आता बघा, माझा आजार सकाळचा आणि तपासणी दुपारची! नऊ वाजता कुणी बघितलं असतं, तर साठसुद्धा दिले असते.

शेजारी औंधकडचे एक सुभेदार बसले होते. फौजेतून निवृत्त झाल्यावर गावी विहिरीत पडून मांडी मोडली होती; पाय काठीसारखा सरळ पुढं ठेवून बसलेले. म्हणाले, "भाऊसाहेब, साळंत पस्तीसला पास करत्यात, हितं चाळीस लागत्यात. मला गेल्या खेपंला पस्तीस पडलं. म्हनलं, जल्मात पयल्यांदा पास झालो, तर ह्यांनी नापास केलं!"

"मग आता?"

"आता परत बसलोय परीक्षेला. तुमी आत गेल्यावर जरा कण्हत ऱ्हावा. आन् लय ताठ बसू नका."

"ताठ?" कमल म्हणाली. "हे?"

साडेतीनला आम्हाला आत बोलावलं. टेबलामागं दोन डॉक्टर. हाडांचे डॉक्टर मोठे सज्जन. त्यांनी मूठ वळायला सांगितली, वळली नाही. खाली बसायला सांगितलं. अर्ध्यात अडकलो, कमलनं धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारच्या खुर्चीत बसली. मनगट दाबल्यावर मी जो ओरडलो, तो अभिनय नव्हता. डॉक्टरांनी कागदावर पेन्सिलीनं आकडा लिहिला. उलटं वाचणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे. मी वाचला. चव्वेचाळीस! खाली दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या सहीसाठी जागा सोडलेली. चार टक्के वर! सांगली गेली खड्ड्यात!

आणि तेवढ्यात दार उघडून मोठे साहेब आत आले.

मी उठलो.

उठलो म्हणजे काय, उडालो! दोन्ही हात जोडून, पाय जुळवून, ताठ. आता काय करणार? अठ्ठावीस वर्षं दार वाजलं की खुर्चीतून उठलोय. यात डोक्याचा संबंध येत नाही. ते खालच्या खाली ठरतं. दुखलं नाही का, म्हणता? दुखलं की! पण ते साहेब बसल्यावर.

पंख्यानं टेबलावरचा एक कागद उडाला आणि साहेबांच्या पायाशी पडला. तो मी वाकून उचलला. झटकला. दोन्ही हातांनी साहेबांना दिला.

हाडांचे डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या हातात खोडरबर कधी आलं, मला कळलं नाही.

साहेबांनी खोलीत नजर फिरवली. एक माणूस खडखडीत उभा आहे आणि एक बाई खुर्चीत डोक्याला हात लावून बसली आहे. त्यांनी मला विचारलं, "यांना तुम्ही घेऊन आलात का?"

सांगा, सरळ उत्तर काय होतं? 'नाही साहेब, पेशंट मी.' चार शब्द. पण साहेबांना 'नाही' म्हणून कुठल्याही वाक्याची सुरुवात मी आजवर केली नव्हती.

"होय साहेब," मी म्हणालो.

"काय त्रास आहे बाई तुम्हाला?"

"मला?" कमल म्हणाली. "मला एकच त्रास आहे, तो तुमच्यासमोर उभा आहे!"

"असं चिडू नये. दुखणं जुनं असलं की स्वभाव असा होतो," साहेब मायेनं मला म्हणाले. "होतो ना हो?"

"होतो साहेब."

"अहो!" कमल ओरडली.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच खुलासा केला. साहेबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "पेशंट तुम्ही? मग तब्येत कशी आहे?"

"आपल्या कृपेनं उत्तम आहे साहेब!"

आता हे उत्तर आहे का? साहेब मात्र वाईट नव्हते. कागद वाचला, सुजलेली बोटं बघितली, थोडा विचार केला. "हे बघा, आजार खरा आहे, वादच नाही. पण हालचाल मी डोळ्यांनी बघितली. माझ्या मते अडतीस होतात. तुम्हाला काय वाटतं? काही म्हणणं असेल तर सांगा, परत तपासू."

संधी होती हो! साक्षात संधी समोर खुर्ची टाकून बसली होती. कमलनं टेबलाखालून माझा पाय दाबला. सुजलेला.

मी म्हणालो, "अडतीस अगदी योग्य आहेत साहेब."

सही झाली. शिक्का बसला. मी लंगडत बाहेर आलो. आता मात्र एकेक पाऊल कण्हत पडत होतं, आणि बघायला मंडळातलं कुणी नव्हतं.

बाकावरून सुभेदार ओरडले, "भाऊसाहेब, किती पडलं?"

"अडतीस."

"आरं द्येवा! दोन टक्क्यानं गेलं? आवं, तपासलं तरी का न्हाई धड?"

मी काही बोलायच्या आत कमल म्हणाली, "तपासलं हो सगळं. गुडघे तपासले, मनगटं तपासली, बोटं तपासली. फक्त कणा तपासायचा राहिला, नाहीतर आज यांना शंभर टक्के मिळाले असते."