हातानं आवळलेला नट

लढाई संपली आणि लष्करानं नको झालेल्या मोटारी विकायला काढल्या. डिस्पोजलच्या गाड्या म्हणायचे त्यांना. आमच्या सातारा-सांगलीकडं घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं या गाड्यांचं भारी कौतुक. मी स्वतः पलटणीत मोटार मेकॅनिक होतो. परत आल्यावर गावी साताऱ्याकडं न राहता सांगलीत मिरज रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. काम चोख, पण तोंड फटकळ, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा गर्वही होता.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, वाळव्याकडचे उसाचे शेतकरी. माणूस देवगुणी, पण मोटारीचं खूळ डोक्यात बसलेलं. रस्त्यानं गाडी गेली की मोट थांबवून बांधावर येऊन बघत उभे राहायचे. एके दिवशी हेच दाजी पुण्याकडच्या लिलावातनं एक छोटा लष्करी ट्रक दुसऱ्या ट्रकला दोर बांधून माझ्या शेडपर्यंत ओढत घेऊन आले. मी कपाळावर हात मारला.

"आवं दाजी, ही हाडकं कशाला आणलीसा?"

"पाव्हणं, तुमी हायसा की! तुमचा हात लागला की मेलेली गाडी उठून बसंल."

अशी स्तुती केली की मी विरघळायचो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पावसाळाभर आम्ही त्या गाडीला लागलो. इंजिन खोललं, सुताराकडनं मागं लाकडी बॉडी करून घेतली, दोन्ही बाजूंना बाकं बसवली. एरवी गुळाच्या ढेपा न्यायच्या आणि बाजारादिवशी माणसं, असा दाजींचा बेत. ते आठवड्यातनं दोनदा यायचे, माझ्याकडनं चालवायला शिकायचे, आणि शिव्या खाऊनही हसायचे. दसऱ्याला गाडी दारात उभी करायची, हे त्यांनी बहिणीला कबूल केलं होतं. तिनं निरोप धाडला होता, दुपारच्या आत या, पूजेचं ताट घेऊन मी दारात थांबते.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा. शेतकरी विळा-कोयता मांडतो, आम्ही पाने, हातोड्या, जॅक मांडायचो. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. या बाबतीत मी फार कडक होतो. माझ्या कारागिरानं मागल्या साली नुसता स्क्रू ड्रायव्हर उचलला तर त्याला शेडबाहेर काढला होता.

त्या सकाळी मी गाडीखाली होतो. स्टिअरिंगकडनं चाकाला जाणारा रॉड झिजला होता, तो बदलून नवा बसवला. नट फिरवत आणला, आता पान्यानं आवळायचा आणि तो सुटू नये म्हणून पकडीनं वरनं पिन घालायची, एवढंच राहिलं होतं. बाहेर बघतो तर कारागिरानं सगळे पाने धुऊन पाटावर मांडलेले, आणि गुरवानं कुंकू लावायला सुरुवात केलेली. मी नट हातानं आवळला आणि म्हटलं, उद्या पूजा उचलली की दोन मिनिटांचं काम आहे.

दसऱ्याला दाजी दिवस उगवायलाच हजर. नवा पटका, हातात झेंडूच्या माळा. शेडसमोर पंचवीस-तीस माणसं जमली. पूजा उचलायचा मुहूर्त अजून लांब होता. मी गाडीखाली वाकलो, नट पुन्हा एकदा करकचून हातानं पिळला. दाजींना सांगायचं होतं, थांबा, काम अर्धं राहिलंय. पण एवढ्या माणसांसमोर पलटणीचा मेकॅनिक अर्धं काम म्हणणार? नारळ मीच फोडला.

"सावकाश न्या," एवढंच बोललो.

"आवं, सावकाशच जायाला बैलगाडी हाय की घरात!" दाजी म्हणाले, आणि सगळे हसले.

तासाभरात एक सायकलवाला धापा टाकत आला. पाच मैलांवर ओढ्यावरच्या मोरीपाशी गाडी रस्ता सोडून खाली गेली होती. त्याचीच सायकल घेऊन मी पळालो. लोकांनी दाजींना काढून बैलगाडीत निजवलं होतं. छाती स्टिअरिंगवर चेचली गेली होती. मिरजेच्या दवाखान्याकडं नेताना डोकं माझ्या मांडीवर होतं.

"पाव्हणं, माझाच हात चुकला बगा," ते म्हणाले. "चाक फिरवलं, पर गाडी वळलीच न्हाई. तुमी एवढं शिकवलं, मला जमलं न्हाई."

तेव्हा तरी बोलायचं होतं. देवा, तेव्हा तरी! मी म्हणालो, "बोलू नगासा, दाजी." मिरज यायच्या आत ते गेले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मी एकटाच त्या रस्त्याला गेलो. मोरीच्या अलीकडं फर्लांगभर धुळीत तो नट सापडला. मी तो उचलला आणि शेजारच्या विहिरीत टाकला. फौजदारानं विचारलं तेव्हा सांगितलं, चालवणारा नवखा होता. हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोललो आहे.

बहिणीचं कपाळ पांढरं झालं तेव्हा ती विशीतली होती, पदरात लहान पोरं. तेराव्याला तिनं मला घरामागच्या परड्यात गाठलं.

"दादा, मीच घाई केली रं. दुपारच्या आत या म्हणून मीच निरोप धाडला. त्यांनी गाडी पळवली ती माझ्यापायी."

"न्हाई बाई, तुझं काय बी न्हाई," मी म्हणालो.

"मग कुणाचं?" तिनं विचारलं.

मी मान खाली घातली. ती समजली, दादाला खोटं बोलवत नाही, म्हणून गप्प आहे. म्हणजे चूक आपलीच.

ती अजून आहे. दर दसऱ्याला घरात गोडधोड होतं, ती उपाशी राहते. सुना समजावतात, पण ऐकत नाही. आता हे सगळं मी लिहून काढलंय. लिहायचं धाडस झालं, कारण तिला वाचता येत नाही.