रेडिएटरवरचा ओला पट्टा

वडील एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. दर आठवड्याला ती घेऊन ते कन्नडजवळच्या शेतावर जात. सत्तरी ओलांडल्यावर कोणाला न विचारता करायची त्यांची ही एकच गोष्ट उरली होती. एका उन्हाळ्यात गाडी वेरूळच्या घाटात तापू लागली. शिवाय सिग्नलला थांबली की इंजिन थरथरायचे आणि कधी कधी बंद पडायचे.

दोन गॅरेजांनी एकच निदान केले: हेड गॅस्केट गेले. म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची पॅकिंग. त्यासाठी इंजिन उघडावे लागेल, आणि इतक्या जुन्या गाडीचे ते करण्यात अर्थ नाही. मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाला की बातमी पक्की, ही सवय. भंगारवाल्याला मी शुक्रवारी सकाळी यायला सांगितले. मंगळवारी दुपारी जेवताना वडील म्हणाले, "मुकुंदवाडीच्या उस्तादला दाखवू. तो नाय म्हणला तर दे भंगारात."

उस्ताद मेकॅनिकची पत्र्याची शेड मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला होती. संध्याकाळी आम्ही गाडी तिथे नेली. त्याने बॉनेटला हात लावला नाही. "गरम गाडी खोटं बोलती, काका. रातभर इथंच राहू द्या."

बुधवारी सकाळी आम्ही गेलो, तेव्हा त्याने आधी प्रश्न विचारले, तेही वडिलांना. चढावर तापते का उभी असताना? पाणी किती कमी होते? धूर कसला? मध्येच मी म्हणालो, "गाडी नेहमीच तापते."

"नेहमी म्हंजे कधी, भाऊ? पेपरात असंच छापता का?"

वडील कित्येक दिवसांनी हसले.

मग त्याने रेडिएटरचे झाकण काढले, थंड इंजिन सुरू केले आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. पाणी शांत होते. गॅस्केट गेले असते, तर भात शिजताना येतात तसे बुडबुडे आले असते, असे त्याने सांगितले. ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, उजेडात धरली. ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालेले नव्हते. तरी गॅस्केट चांगले आहे, असे तो म्हणाला नाही. म्हणाला, "गॅस्केटवर आळ घ्यावा असं मला अजून काय दिसलं नाय." पाहिलेले आणि ताडलेले इतके वेगळे ठेवणारी माणसे मला आमच्या कचेरीत फार भेटली नव्हती.

थरथरीसाठी त्याने इंजेक्शनच्या जुन्या पिचकारीत साबणाचे पाणी भरले आणि कार्ब्युरेटरच्या बुडाभोवती थोडे थोडे सोडत गेला. एका कोपऱ्यावर पाणी पडताच इंजिनाचा आवाज क्षणभर सरळ झाला. त्याने तिथेच आणखी दोनदा पाणी सोडले, दोन्ही वेळा तसेच झाले. कार्ब्युरेटरखालची पॅकिंग दबली होती आणि इंजिन तिथून हवा ओढत होते.

"म्हणजे तापायचं कारणही हेच?" मी विचारले.

"लोकांना दोन दुखण्यांचं एकच कारण लई आवडतं," तो म्हणाला.

इंजिन चांगले तापू दिल्यावर त्याने ते बंद केले आणि रेडिएटरच्या जाळीवर ओले फडके फिरवले. कडांचे पाणी बघता बघता वाळले. मधला तळहाताएवढा पट्टा ओलाच राहिला. तिथपर्यंत गरम पाणी पोचतच नव्हते.

"काका, पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं. रोज सकाळी, माझ्या हातानं," वडील अभिमानाने म्हणाले. ही डेपोतली सवय.

आमच्या भागात नळाला आठवड्याने पाणी येई. ते प्यायचे. गाडीला ते घालायचे कोणाच्या मनातही आले नसते. बोअरच्या पाण्याने घरातल्या बादल्यांवर पांढरा थर धरतो, हे मात्र आम्ही सगळे रोज बघत होतो. उस्तादने रेडिएटरच्या तोंडातून स्क्रूड्रायव्हरने तसाच थर खरवडला आणि वडिलांच्या तळहातावर ठेवला.

वडिलांनी तो बोटाने चुरून पाहिला. "म्हंजे मीच मारली व्हय?"

"मारली असती तर इथवर आली नसती. पाणी कधी कमी पडू दिलं नाय म्हणून इंजिन वाचलं. फक्त पाणी बदला."

हे सांत्वन नव्हते. बुडबुड्यांचा आणि ऑइलचा पुरावा आमच्यासमोरच मिळाला होता.

गुरुवारी दुपारपर्यंत नवी पॅकिंग बसली. रेडिएटर खोलून त्याच्या नळ्यांतून सळ्या फिरवून झाल्या, पुन्हा कथलाचा डाग देऊन तो जोडला गेला. उस्तादने चावी वडिलांच्या हातात दिली. पुढे कूलंटच घाला, नसेल तेव्हा नळाचे पाणी, असे त्याने बजावले. योगायोगाने त्या संध्याकाळी नळ आला. वडिलांनी एक कॅन भरून बाजूला ठेवला.

"आता माणसांनी बोअरचं प्यायचं आन गाडीनं नळाचं," आई म्हणाली.

"माणूस तापला तरी घाट चढतो. गाडी नाय चढत."

शुक्रवारी सकाळी नऊला भंगारवाला आला. दारात गाडी नव्हती. कन्नडहून वडिलांचा फोन येऊन गेला होता: घाटात तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. मी भंगारवाल्याला चहा दिला आणि माझी माहिती चुकीची होती, असे सांगितले.